बांधलेल्या कुत्र्याची साखळी किती फूट?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात महिनाभर भटक्या कुत्र्यांवरून जुंपली आहे. दोन्ही बाजूंची पत्रं वाचली. एक बाजू चावे मोजते, दुसरी पोळ्या मोजते. पण एका तिसऱ्या कुत्र्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण तो रस्त्यावर येतच नाही. कम्पाउंडच्या आत, जिन्याखाली, शेडच्या खांबाला किंवा खिडकीच्या गजाला तो दिवसरात्र बांधलेला असतो. त्याला मालक आहे, नाव आहे, पट्ट्याला घुंगरूही असतं. मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच तर माझ्या नोकरीच्या गप्पांना लावा, कलमांना नको.

मी वीज खात्यात एकतीस वर्षं मीटर रीडिंग घेतलं, सगळं जळगाव जिल्ह्यात. दिवसाला शंभर-सव्वाशे मीटर म्हणजे तेवढीच फाटकं. कडी वाजवून 'लाइट मीटर!' ओरडलं की आतून पहिलं उत्तर बहुतेक वेळा कुत्र्याचंच यायचं. घरातली बाई ओट्यावरून सांगायची, "या हो, बांधलेलाय." त्या 'बांधलेलाय'वर मी कधी विसंबलो नाही. मी जमीन बघायचो. बांधलेल्या कुत्र्याभोवती मातीत गोल उमटतो. आत गवताची काडी नसते, माती चालून चालून कठीण झालेली, आणि कडेला नखांनी उकरलेली चारी. साखळी जेवढी लांब, तेवढा गोल. मीटर गोलाच्या आत असेल तर बाईंना बाहेर बोलवायचं, बाहेर असेल तर बिनधास्त जायचं. माझ्या जागी बदलीवर येणाऱ्या पोराची पंचाईत होऊ नये म्हणून रीडिंग बुकाच्या समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवायचो : 'कु. ४'. म्हणजे कुत्रा आहे, चार फूट. बहुतेक समासांत चार किंवा पाच असायचं. दहाच्या वरचा आकडा उभ्या नोकरीत मी दोन-तीनदाच लिहिला असेल.

दोनदा मला कुत्रा चावला. दोन्ही वेळा साखळी तोडून आलेल्या कुत्र्यांनी धरलं. अंगणात मोकळा असणारा पाळीव कुत्रा मला एकदाही चावला नाही. अर्थात दोन चाव्यांवरून सिद्धांत मांडायला मी काही बसलेलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. निवृत्तीनंतर शहराबाहेरच्या प्लॉट एरियात घर बांधलं. समोरच्या घरी दोन वर्षांपूर्वी दिवाळीत चोरी झाली. मंडळी गावाला गेलेली, मागच्या दाराचा कोयंडा तोडून कपाट रिकामं केलं. त्यानंतर कुत्रा आला. पिल्लू होतं तोवर घरात लोळायचं, पोरांच्या दप्तरात तोंड खुपसायचं. सहा महिन्यांत अंगाने वाढलं आणि एकदा वहिनींच्या कुरडयांच्या वाळवणावर बसलं. त्या दिवशी त्याची रवानगी बाहेर झाली, घराच्या पश्चिम भिंतीकडे, खिडकीच्या गजाला. नाव टायगर. साखळी आणायला मीच सोबत गेलो होतो. दोनशे चाळीस रुपये पडले. दुकानदाराने साखळी पाच फुटी दिली होती, पण गजाला दोन वेढे मारून कडी अडकवल्यावर उरली साडेतीन फूट.

यंदाच्या मे महिन्यात मला काही उद्योग नव्हता आणि हाताची सवय जात नाही. जुन्या रीडिंग बुकाची कोरी पानं काढली आणि चौदा दिवस टायगरचं रीडिंग घेतलं. सकाळभर त्या भिंतीला घराची सावली असते. पाऊण वाजता ती संपते. मग साडेपाचला कम्पाउंडच्या कडेच्या कडुनिंबाची सावली लांब होत होत त्याच्यापर्यंत पोचते. मधले पावणेपाच तास ऊन. खाली पेव्हर ब्लॉक, त्यामुळे माती उकरून गारव्याला खड्डा करावा, जे कुठलाही कुत्रा आपसूक करतो, तीही सोय नाही. सावली होती, दिवसभर होती, भर दुपारी निंबाखाली गच्च होती. पण ती पंचवीस फुटांवर.

पाण्याचं सांगतो. मालक रोज सकाळी सातला, ड्युटीला निघताना, स्टीलचं पातेलं काठोकाठ भरतो. पाणीच देत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण कुत्रा वळला की साखळी पातेल्याच्या काठाला लागते. चौदातल्या अकरा दिवशी दुपारच्या आत ते पालथं झालेलं होतं आणि त्यातल्या सहा दिवशी घरंगळत गोलाबाहेर गेलेलं. रिकामं पातेलं समोर दिसतंय आणि पाय पोचत नाही.

निवाराही होता बरं का. चार फळ्यांवर पत्रा. दुपारी दोनला मी पत्र्याखाली हात घातला आणि लगेच मागे घेतला. टायगर त्या निवाऱ्यात न बसता बाहेर भिंतीला अंग चिकटवून उभा असायचा, जीभ हातभर बाहेर. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून आणि थोडाफार तळव्यांतून, एवढ्यावरच त्याला अंग थंड ठेवायचं असतं. त्याचं नेहमीचंच तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या घरात. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. बाहेरची हवाच त्याच्या अंगापेक्षा तापलेली असेल तर धापा टाकून किती निवणार?

माझी भाची पुण्याला वकिली शिकते. तिला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, यावर कायदा आहे की." आहे, आणि जुना आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६०. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून आलेला. त्याचं कलम ११ मी आता इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने वा दोरीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा. पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं हा गुन्हा. आणि एक पोटकलम तर खास कुत्र्यासाठीच आहे : जो कुत्रा नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवला जातो, त्याला मालकाने वाजवी फिरवून आणलं नाही तर तोही गुन्हा. साठहून जास्त वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याने खिडकीच्या गजाला बांधलेला कुत्रा नक्की पाहिला असणार.

वाचून मला जोर चढला. छापील कलम घेऊन चौकीत गेलो. हवालदार भला माणूस निघाला. खुर्ची दिली, चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाला, "आप्पा, अवाजवी आखूड म्हणजे किती फूट?"

मी गप्प. साडेतीन फूट अवाजवी आहे हे मला दिसतंय, त्यालाही दिसत होतं. पण कलमात फूट नाहीत. अवाजवी काळ म्हणजे किती तास, तेही नाही. निवारा म्हणजे पत्रा चालतो की नाही, तेही नाही. हवालदार म्हणाला, "उद्या मालक मला विचारेल, साहेब, कितीची ठेवू? मी काय सांगू?" त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मीटरवर आकडेच छापले नसते आणि 'अवाजवी वीज वापरू नये' एवढंच लिहिलं असतं, तर मीही कुणाला बिल देऊ शकलो नसतो.

वर आणखी मेख आहे. त्या कायद्याच्या कलम ११मधली मोजकीच पोटकलमं दखलपात्र आहेत, बांधून ठेवण्याचं त्यात नाही. म्हणजे पोलीस आपणहून तपास करू शकत नाहीत. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करायची, पावती घ्यायची आणि पुढे कोर्टाची पायरी आपणच चढायची. कलम ३६ म्हणतं, गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हायला हवा. एवढं सगळं करून गुन्हा शाबीत झालाच, तर पहिल्या वेळी दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. तीन वर्षांत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. साखळी दोनशे चाळीसची. ती आयुष्यभर वापरल्याचा दंड पन्नास.

हे मी समोरच्यांना सांगितलं, भांडायला म्हणून नाही, कळावं म्हणून. त्यांनी खिशातून पन्नासची नोट काढली आणि कठड्यावर ठेवली. "घ्या आप्पा, भरून टाका." आणि हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? याच कुत्र्याला त्यांनी विष घातलं असतं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मारलं तर पाच वर्षं, उन्हात बांधून ठेवलं तर पन्नास रुपये. मधलं काही नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसलेलं आहे. ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या निकालात न्यायालयाने प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मोजून सांगितली. त्यात भूक-तहान नसणं आहे, उष्णतेचा त्रास नसणं आहे, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागता येणंही आहे. याच निकालात संसदेने कलम ११ची शिक्षा जरब बसेल अशी करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी मांडलाही. मसुदा मसुदाच राहिला.

भाचीने मग इतर देशांचं काढून दिलं. मला परदेशाची उदाहरणं ऐकली की एरवी कंटाळा येतो, पण यात आकडे होते म्हणून बसलो. कॅलिफोर्नियात चोवीस तासांत तीन तासांपेक्षा जास्त कुत्रा एका जागी बांधून ठेवता येत नाही. पेनसिल्व्हेनियात नऊ तासांची मर्यादा आहे, पण पारा ९० फॅरनहाइटच्या वर गेला तर फक्त अर्धा तास. ९० म्हणजे आपले ३२ अंश. आमच्याकडे ती फेब्रुवारीची दुपार झाली. ऑस्ट्रियाने २००५पासून बांधून ठेवणंच बंद केलं. जर्मनीत आधीच्या नियमात सरकती कडी असलेली किमान सहा मीटरची तार हवी होती, अलीकडे तिथेही बांधायला जवळजवळ बंदीच आली.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते टेक्सासचं. तिथे पूर्वी कायदा होता, पण कुत्रा सोडवण्याआधी मालकाला चोवीस तासांची सूचना द्यावी लागायची. उन्हात तडफडणाऱ्या कुत्र्यासाठी उद्या या, असं! २०२१मध्ये सुधारित विधेयक पास झालं तर गव्हर्नरने ते रोखलं, म्हणे सरकारने एवढ्या बारीकसारीक गोष्टीत पडू नये. लोक इतके खवळले की त्याच वर्षी तो विषय परत सभागृहात आणावा लागला आणि १८ जानेवारी २०२२पासून कायदा लागू झाला. साखळी बंद. दोर किंवा केबल चालेल, पण किमान दहा फूट, किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल ते. सावली हवी, पिण्याजोगं पाणी हवं, आणि पाऊस-ऊन लागणार नाही असा निवारा, ज्यात कुत्र्याला उभं राहता, बसता, वळता येईल. सूचनेची अट गेली. ते गव्हर्नर ज्याला बारीकसारीक म्हणत होते, माझा हवालदार नेमकं तेच मागत होता.

आपल्याकडे उद्या सरसकट बंदी घाला असं मी म्हणणार नाही. मीही कुत्रा बांधून ठेवलेला आहे. वडील होते तेव्हा शेतात राखणीला खंड्या होता, दिवसा मोटारीच्या शेडला बैलाच्या दाव्याने बांधलेला. दिवसभर शाळा, संध्याकाळी क्रिकेट, त्याला सोडायचं काम माझ्याकडे आणि मी चार दिवसांतून एकदा सोडायचो. एका पावसाळ्यात त्याच्या गळ्याला वास यायला लागला. केस बाजूला केले तर दावं कातडीत रुतलेलं आणि खाली अळ्या. वडिलांनी कात्रीने दावं कापलं तेव्हा खंड्या हलला नाही. माझ्या हाताला मात्र कात्री धरवेना. तो वाचला, गळ्याभोवती बोटभर रुंदीची पट्टी शेवटपर्यंत उघडी राहिली, तिथे केस कधी आले नाहीत. आम्ही काही दुष्ट लोक नव्हतो. समोरचेही नाहीत. त्यांच्या फाटकावर दत्तगुरूंची टाइल आहे, पायाशी चार कुत्री. गुरुवारी त्या टाइलला हार असतो.

शिवाय बंदीची भीती वेगळी आहे. उद्या बांधायचं नाही म्हटलं, तर निम्मे लोक कुत्रा गाडीत घालून हायवेला सोडून येतील, आणि आपल्या सदरातला पहिला वाद आणखी वाढेल. (असं सोडून देणंही कलम ११मध्ये गुन्हाच आहे. दंड तोच, पन्नास.)

माझं मागणं साधं आहे. 'अवाजवी' या शब्दापुढे आकडा लिहा. किमान किती फूट, दिवसात जास्तीत जास्त किती तास, किती पाऱ्याच्या वर अजिबात नाही. निवाऱ्याची कसोटी दुपारी दोन वाजताची ठेवा, सकाळी नऊला सगळीकडेच सावली असते. पाणी अशा भांड्यात की जे साखळीने उलटणार नाही. आणि प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असं २००१चे केंद्रीय नियम सांगतात. त्या सोसायटीच्या माणसाला कम्पाउंडमध्ये येऊन टेप लावण्याचा आणि पहिल्या वेळी समज देण्याचा अधिकार द्या. दंड पाच हजार करा नाहीतर पाचशे, त्यात मला फारसा रस नाही. आधी हवालदाराला उत्तर द्या.

हे दिल्लीचं काम आहे असं कुणी म्हणेल. तसं नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, केंद्र आणि राज्य दोघांच्या हातातला. महाराष्ट्राने २०१७मध्ये याच १९६०च्या कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली ना, बैलगाडा शर्यतींसाठी! त्यासाठी विधिमंडळ एकदिलाने उभं राहिलं, राष्ट्रपतींची संमती आली, आणि १८ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्यही केली. शर्यत हवी की नको हा वाद इथे काढत नाही, मी स्वतः घाटात उभा राहून शर्यती पाहिलेल्या आहेत. एवढंच म्हणतो की तोच कायदा, तेच विधिमंडळ. बैलाला पळू देण्यासाठी दुरुस्ती करता आली, तर कुत्र्याला पंचवीस फूट चालू देण्यासाठीही करता येईल.

टायगरचं काय झालं ते सांगून थांबतो. एनसीची पावती कपाटात आहे. पण पहिला पाऊस पडला त्या रात्री तो गजाजवळ घोटाभर पाण्यात उभा राहून रात्रभर ओरडला आणि सकाळी वहिनीच आमच्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही ते तारेचं म्हणत होता ना?" मालक नाइटवरून येऊन झोपले होते. मी शिडी काढली. खिडकीच्या वर भिंतीत आय-बोल्ट, तिथून निंबापर्यंत आठ गेजची जीआय तार ताणली. निंबाला तार करकचू नये म्हणून सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. तारेत कडी, कडीला हलका दोर, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन फूट आधी क्लॅम्प, म्हणजे कुत्रा खोडाला वेढे घेत अडकणार नाही. चारशे दहा रुपये झाले. पातेल्याऐवजी सिमेंटची जड कुंडी ठेवली. मालक उठले, तारेला एकदा हिसका देऊन पाहिला, काही बोलले नाहीत. पन्नासची नोट कठड्यावर नव्हती, बहुधा वाऱ्याने गेली. टायगर आता दुपारी निंबाखाली खड्डा करून झोपतो. वहिनींची तक्रार आहे की त्याने गोकर्णीचा वेल उपटला.

गेल्या रविवारी गल्लीच्या टोकाचा पोल्ट्रीवाला आला. त्याच्याकडे दोन कुत्री आहेत, दोन्ही शेडच्या खांबाला. "आप्पा, माझ्याकडेही तार लावून द्या," म्हणाला, आणि पुढे विचारलं, "किती फूट टाकायची?"

मी म्हटलं, अठ्ठावीस. माझ्याकडे तेवढीच उरली आहे.

आपला,
एक निवृत्त मीटर रीडर, जळगाव जिल्हा
(नाव छापू नये, समोरच्यांकडे आपला अंक येतो.)